उजव्या कानाची खूण

म्हस्कूला मी नऊ वर्षं ओळखत होतो, असं मी लोकांना सांगत असे. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मला त्याच्याबद्दल फारच थोडं माहीत आहे. त्याचं वय किती होतं, तो शाळेत कितवीपर्यंत गेला, त्याला काय खायला आवडायचं, यातलं काही मी सांगू शकणार नाही. त्याचं आडनावसुद्धा मला तो गेल्यावर, त्याच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवून पाठवलेल्या कार्डावरून कळलं. तो आमच्या घरासमोर राहायचा, त्याच्याकडे एक जुनी जीप होती, आणि एका पावसाळी शनिवारी मी दिवसभर त्याच्या शेजारच्या सीटवर बसून हिंडलो. एवढ्यावर एखाद्या माणसाबद्दल लिहावं का, याची मला खात्री नाही. पण परवा माझ्या नातीनं, छकुलीनं, त्या दिवसाबद्दल विचारलं आणि सांगताना मी दोन ठिकाणी अडखळलो. आणखी विसरायच्या आत लिहून ठेवतो.

मी माळेगाव बुद्रुकच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. एक्क्याण्णव साली निवृत्त झालो. कारखान्याच्या रस्त्याला माझं दोन खोल्यांचं घर, पुढं तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत जास्वंदीची रांग. समोरच्या पत्र्याच्या खोलीत नव्वदच्या सुमाराला म्हस्कू आणि त्याची बायको सिंधुबाई भाड्यानं राहायला आली. मूळचा तो कऱ्हाटीचा, मेंढपाळ घरातला. तिकडची जमीन कोरडी, म्हणून घराला कुलूप लावून इकडं आला होता. माळेगाव ते बारामती तो जीपनं माणसं ने-आण करायचा. जीपच्या कपाळावर पांढऱ्या रंगात ‘बिरोबा प्रसन्न’ लिहिलेलं होतं. बोलायला तो कमी. मीही तसाच. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

ब्याण्णव सालच्या नागपंचमीला तो सकाळी जीप धुऊन, नवा फेटा बांधून बहिणीला माहेरी आणायला गेला. संध्याकाळी एकटाच परत आला. मी ओट्यावर बसलो होतो. तो जीप लावून सरळ माझ्याकडे आला आणि खालच्या पायरीवर बसला. असा तो कधी बसला नव्हता.

“बहीण नाही आली?” मी विचारलं.

“न्हाय आली.”

“बरी आहे ना?”

“बरी हाय. च्या दिला. म्हणली, बस. म्हणली, तिकडं पाऊस कसा हाय. मी म्हणलं, आक्का, चल. तर म्हणली, माझं तिकडं आता काय काम हाय.”

मग त्यानं तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते असं. त्याच्या आईला आधी चार मुलीच झाल्या. चौथीचं नाव नकोशी ठेवलं. तिच्या पाठीवर म्हस्कू झाला. पोरगी मुलाच्या पायगुणाची निघाली म्हणून बापानं तिच्या नावानं एक मेंढी काढून दिली आणि त्या मेंढीच्या उजव्या कानाला काप दिला. घरच्या मेंढरांची खूण डाव्या कानाला असायची. उजवा कान कापलेलं मेंढरू नकोशीचं, त्याला झालेलं कोकरूही नकोशीचं. नकोशीनं म्हस्कूला कडेवर घेऊन त्या कळपामागं रानं पालथी घातली. लग्न होऊन ती इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या पुढं एका वस्तीवर गेली, तेव्हाही तिची मेंढरं बापाच्याच कळपात राहिली. दर पंचमीला आणि दिवाळीला ती यायची आणि पाणी प्यायच्या आधी मेंढरांत जाऊन उभी राहायची.

बाप गेला. शहाऐंशी साली चाऱ्याचे हाल झाले आणि म्हस्कूनं सगळा कळप एका व्यापाऱ्याला देऊन ही जीप घेतली.

“तिची वेगळी नाही काढलीस?”

“न्हाय काढली. ट्रक उभा व्हता. हाकली समदी फळीवरनं वर. ट्रक हलल्यावर एकीचा उजवा कान दिसला मला. तवा ध्यानात आलं.”

“मग भांडली असेल ती.”

“भांडली असती तर बरं झालं असतं. कायबी म्हणली न्हाय. नुसती यायची थांबली. सहा वर्सं झाली.”

माझा सल्ला आजवर कुणी फारसा विचारला नव्हता. कारखान्यात मी फक्त काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचो. त्या दिवशी मात्र मला एकदम सुचलं आणि मी बोलून गेलो, “एक कोकरू आण कुठून तरी. उजव्या कानाला खूण कर आणि नेऊन तिच्या हातात दे. तिचं तिला मिळालं की मिटेल सगळं.”

त्यानं फेटा उतरवून मांडीवर ठेवला. “तसं करावं म्हंता, आबा?”

“करून बघ.”

जेवताना मी हे कौसल्येला, माझ्या बायकोला, थोडं फुशारकीनंच सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला काय कळतंय मेंढरांतलं?”

पुढच्या आठवड्यात आमची मुलगी स्वरूपा छकुलीला घेऊन नागपूरहून आली. तिनं बँकेतून आठ दिवस रजा काढली होती. छकुली तेव्हा पाच वर्षांची. स्वरूपाचं लहानपणापासूनचं एक गाऱ्हाणं होतं, की बापानं आपल्याला कारखान्याच्या धुराड्याशिवाय काही दाखवलं नाही. पंधरा ऑगस्ट त्या वर्षी श्रावणातल्या शनिवारी आला होता. श्रावणी शनिवार नरसिंहाचा, म्हणून नरसिंहपूरला जाऊ, वाटेत इंदापूरची गढी बघू, असं तिनंच ठरवलं. मी म्हस्कूला विचारलं. तो म्हणाला, “चला की. आक्काची वस्ती त्याच वाटंला हाय. येताना पाच मिनिटं वाकडी वाट करू, चालंल न्हवं?”

मी चालेल म्हणालो. घरात सांगायचं मात्र राहून गेलं.

आमच्या भागात पाऊस बेताचा. आला तरी घटकाभर पडतो आणि जातो. त्या दिवशी मात्र पहाटेपासून बारीक धार लागली होती आणि ती दिवसभर तुटली नाही. जीपच्या ताडपत्रीला दोन भोकं होती. एका भोकाखाली कौसल्येनं पुरणाचा डबा ठेवला होता, तो तिनं मांडीवर घेतला. म्हस्कू अंगावर घोंगडं घेऊन चालवत होता. मागं कौसल्या, स्वरूपा आणि छकुली, आणि देवाच्या तुळशीच्या माळेची करंडी.

बारामती सोडून लासुर्ण्याच्या अलीकडे आलो असू, तेव्हा मागून बें असा आवाज आला.

“म्हस्कू, तुझी जीप ओरडायला लागली रे,” कौसल्या म्हणाली.

“जुनी झालीया, काकू.”

परत आवाज आला. छकुली सीटखाली वाकली आणि म्हणाली, “आजी, इथं कुणीतरी आहे.”

सीटखाली पोत्यावर एक काळं कोकरू होतं. त्याच्या गळ्यात सुतळी होती आणि तोंडात आमची तुळशीची माळ होती. करंडी रिकामी होऊन आडवी पडली होती.

“हे काय आहे?” कौसल्येनं विचारलं.

“कोकरू हाय.”

“ते दिसतंय मला. देवाला निघालेल्या गाडीत कोकरू?”

“देवाला न्हाय ते, काकू. बहिणीला हाय.”

स्वरूपा हसायला लागली. कौसल्येनं माझ्या पाठीकडे पाहिलं असणार, कारण मला ते मानेवर जाणवलं. “तुम्हाला ठाऊक होतं ना?” ती म्हणाली. मी रस्त्याकडे बघत राहिलो. माळ गेली होती, ती काही परत येणार नव्हती. छकुलीनं कोकरू मांडीवर घेतलं ते संध्याकाळपर्यंत फारसं सोडलं नाही.

निमगाव केतकीला चहाला थांबलो. शाळेतलं झेंडावंदन उरकून मुलं घरी चालली होती. हातातले कागदी झेंडे भिजून त्यांचे रंग सदऱ्यांवर उतरले होते. हॉटेलवाल्यानं छपराखाली मोठी कढई मांडून जिलेबी काढायला घेतली होती. पंधरा ऑगस्टची जिलेबी आम्ही खाल्ली, आणि म्हस्कूनं एक किलो बांधून घेतली. बांधून घेताना तो दोनदा म्हणाला, “ताजी दे, लांब जायाची हाय.” गावातले पानमळे पावसात गडद हिरवे दिसत होते. स्वरूपाला ते आवडले. एवढीच एक गोष्ट मी तिला नावानिशी सांगू शकलो, की ही खायच्या पानांची वेल आहे.

इंदापूरची गढी आम्ही जीपमधूनच पाहिली. उंचावर पडकी भिंत, तिच्यावर गवत, आणि सगळ्यावर पाऊस.

“झालं?” स्वरूपानं विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

“बाबा, यासाठी मी नागपूरहून आले?”

“ताई, ऊन असतं तर लई भारी दिसती,” म्हस्कू म्हणाला. त्यानं ती कधी उन्हात निवांत पाहिली असेल असं मला वाटत नाही. पण त्यानं माझी बाजू घेतली.

दुपारी नरसिंहपूरला पोचलो. श्रावणी शनिवारची गर्दी होती. माणसं डोक्यावर खताची पोती खोचून घेऊन देवळाच्या पायऱ्या चढत होती. कौसल्येनं दारातून दुसरी माळ घेतली. म्हस्कू वर आला नाही. कोकरू एकटं ठेवलं तर ओरडतं, म्हणाला. आम्ही दर्शन घेतलं, पुरणाचा नैवेद्य दाखवला, छकुलीला उचलून घंटा वाजवू दिली. खाली नीरा आणि भीमा एकमेकींना मिळतात, तिथं एकीचं पाणी गढूळ तांबडं होतं आणि दुसरीचं त्यामानानं निवळ. बऱ्याच अंतरापर्यंत ती दोन पाणी शेजारी शेजारी चालत होती. नीरेला वरचं पाणी आलेलं होतं आणि होड्या बांधून ठेवल्या होत्या. स्वरूपा घाटावर छत्री धरून उभी राहिली आणि मग गढीबद्दल काही बोलली नाही.

पायऱ्यांनी माझे गुडघे धरले, म्हणून मी त्यांच्या आधी खाली आलो. म्हस्कू जीपमागं उकिडवा बसून कोकराचे खूर स्वतःच्या टॉवेलनं पुसत होता. उजव्या कानाचा काप अजून ताजा होता. त्याला त्यानं हळद लावली होती.

“कुठून आणलंस?”

“कऱ्हाटीतनं. भावकीत अजून एकाकडं मेंढरं हायत.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “आबा, तिला आदी काय म्हणू?”

“काही म्हणू नकोस. हातात दे.”

हा माझा दुसरा सल्ला.

बावड्याकडे परत निघाल्यावर एका ठिकाणी तो डावीकडे, कच्च्या रस्त्याला वळला. कौसल्येला आता सगळं कळलं होतं. वाटेत स्वरूपानंच तिला थोडंथोडं करून सांगितलं होतं, आणि स्वरूपाला म्हस्कूनं. मला आश्चर्य वाटलं. माझ्याशी पायरीवर बसून जे त्यानं इतक्या कष्टानं सांगितलं, ते तिला त्यानं इंदापूर ते बावडा गाडी चालवता चालवता सांगून टाकलं होतं.

वस्ती म्हणजे दहा-बारा घरं, मधे बिरोबाचं लहान देऊळ आणि पुढं मोकळं पटांगण. तिथं गर्दी होती. श्रावणातल्या एका शनिवारी देवापुढं गजी, म्हणजे ढोलावरचा धनगरी नाच, खेळायची त्या वस्तीची रीत होती आणि तो शनिवार नेमका हाच. पांढरे अंगरखे घातलेले, हातात रंगीत रुमाल घेतलेले वीस-पंचवीस गडी देवळाच्या पडवीत उभे होते. पण खेळ अडला होता. ओलीनं ढोलांची कातडी सैल पडली होती. त्यांचा आवाज पोत्यावर काठी मारल्यासारखा येत होता. चार माणसं पडवीच्या कोपऱ्यात पाचट पेटवून ढोल शेकत होती, आणि ओलं पाचट नुसता धूर करत होतं.

नकोशीबाई आपल्या घराच्या दारात उभी होती. उंच, हाडापेरानं मोठी बाई. डोक्यावर पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. आम्हाला पाहून ती आधी पुढं आली ती कौसल्येकडे. “या बाई, भिजला की समदी.” तिनं आम्हाला आत बसवलं, कौसल्येला आणि स्वरूपाला कुंकू लावलं, चुलीवर चहाचं आधण टाकलं. म्हस्कू दारातच उभा होता. एका हातात जिलेबीचा पुडा, दुसऱ्या काखेत कोकरू.

“ये की आत. का तुला वायलं आवतान पायजे?” ती म्हणाली.

तो आत आला. त्यानं काही न बोलता कोकरू तिच्या हातात दिलं. मी सांगितल्याप्रमाणे अगदी.

तिनं ते घेतलं. दोन्ही हातांनी पाठ चाचपली. दात पाहिले. मग उजवा कान बोटांत धरून पाहिला.

“खूण कुणी क्येली?”

“म्या.”

“चांगली झालीया. बाचा हात हाय तुझ्या हातात.” तिनं कोकराच्या कानामागं खाजवलं. “आन् हितं कशाला आणलंस?”

“तुला द्याय.”

“मला द्याय.” चहा उतू आला, तो तिनं उतरवला. “बानं माझी मेंढी कवा हितं धाडली व्हती का रं? वीस वर्सं मी ह्या घरात हाय. एकदा तरी म्हणला का बा, घिऊन जा तुझं जितराब?”

“न्हाय.”

“का न्हाय म्हणला?”

म्हस्कूनं जिलेबीचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

“तितं माझं कायतरी व्हतं म्हणून मी येत व्हते. सासू म्हणायची, सारकी सारकी माहेरला काय जातीस. मी म्हणायची, माझी मेंढरं हायत तितं, बघाय नगं? आता ह्ये माझ्या पदरात घातलंस. म्हंजे तुझं द्यायाचं फिटलं. म्हंजे आता मी यायाचं कारनच न्हाय. माहेर मिटवाय आलास व्हय रं, म्हसक्या?”

तिचा आवाज चढला नव्हता. चहा गाळता गाळता ती हे बोलत होती. म्हस्कूच्या हातातला जिलेबीचा पुडा भिजून पाक त्याच्या मनगटावरून खाली येत होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

गप्प बसणं मला सोपं जातं. पण त्या दिवशी गप्प बसवेना. मी म्हणालो, “बाई, हे मीच त्याला सुचवलं होतं. त्याच्या मनात तसं नव्हतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुमी कोन?”

“शेजारी.”

“मंग तुमाला म्हाईत नसायचं,” ती म्हणाली आणि पहिला कप माझ्यापुढं ठेवला.

म्हस्कूला आता वाचा फुटली. “आक्का, माझ्याकडं कळप कुठं हाय? दोन पत्र्यांची खोली. एकलं कोकरू बांधू कुठं मी?”

“जीपला बांध.”

“आक्का.”

“जीप घेतलीस न्हवं मेंढरं इकून? मंग जीपलाच बांध.”

स्वरूपाच्या ओठांवर हसू आलं आणि तिनं ते कपाआड लपवलं. म्हस्कूही हसेल असं मला वाटलं, पण तो हसला नाही. तो उठून बाहेर गेला आणि पावसात जीपच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. सहा वर्षं तो जिला आणायला येत होता, ती आता कायमची तुटली, असंच त्याला वाटलं असणार. मला तर नक्कीच तसं वाटलं. चहा मी प्यायलो, पण त्याला काय चव होती ते आठवत नाही.

तेवढ्यात देवळाकडून एका ढोलाचा खणखणीत ठोका आला. पाचट पेटलं होतं. मग दुसरा ढोल लागला. गडी पटांगणात उतरून गोल धरू लागले. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं जीपशी उभ्या असलेल्या म्हस्कूला ओळखलं.

“आरं, हा नकोशीचा भाऊ न्हवं? कऱ्हाटीचा? ये की रं. का डायवर झाल्यावर पाय इसरलं?”

म्हस्कू नको म्हणत होता. दोघांनी त्याला दंडाला धरून ओढलं, एकानं हातात रुमाल कोंबला. अंगात खाकी शर्ट, पायांत चिखलानं भरलेल्या चपला. त्या त्यानं काढून बाजूला ठेवल्या आणि गोलात शिरला.

म्हस्कूला नाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मी चांगला नाच आणि वाईट नाच यांतला फरक सांगू शकणारा माणूस नाही. पण दोन फेऱ्यांनंतर शेजारचे गडी त्याच्या पायांकडे बघून आपली पावलं टाकायला लागले, एवढं मी पाहिलं. ढोल थांबायच्या आत त्याचा रुमाल थांबायचा, जणू ठोका कुठं तुटणार हे त्याला आधी कळत होतं. चिखल गुडघ्यापर्यंत उडत होता. छकुली माझं बोट धरून छपराच्या कडेला उभी होती आणि पागोळीचं पाणी तिच्या डोक्यावर पडत होतं. कौसल्या देखील उठून दारात आली.

नकोशीबाई कोकराला पदराखाली घेऊन अंगणात उभी होती. बराच वेळ ती नुसती बघत होती. मग शेजारच्या बाईला म्हणाली, “ह्याला मी शिकीवलंय. मेंढरामागं दुसरं काम काय असायचं?”

ढोल परत सैल पडले, तसा खेळ थांबला. ओल्या दिवसात तेवढाच खेळ होतो, असं म्हातारा म्हणाला. म्हस्कू धापा टाकत, रुमालानं तोंड पुसत आला. तो बहिणीकडे न बघता जीपकडे गेला आणि चपला घालू लागला. आम्ही निरोप घेतला. नकोशीबाईनं कौसल्येची ओटी भरली, छकुलीच्या हातावर जिलेबी ठेवली. मग ती पावसात चालत जीपजवळ आली, मागची फळी खाली केली आणि कोकरू आत पोत्यावर ठेवलं.

“घिऊन जा ह्याला,” ती म्हस्कूला म्हणाली. “दिवाळीला बघाय येते. बारीक झाल्यालं दिसलं तर आल्यापावली माघारी जाईन.”

म्हस्कूनं मान हलवली.

“आन् लिंबाचा पाला घालू नगंस नुसता. बाभळीच्या शेंगा बघ कुठं मिळत्यात का.”

“बघतो.”

“बघतो न्हाय. आन.”

परत येताना बावडा मागं पडल्यावर म्हस्कू माझ्याकडे न बघता म्हणाला, “आबा, तुमी सांगितलं नसतं, तर आज येणंच झालं नसतं.” हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. मी काचेवरचं पाणी पुसलं. बारामतीत शिरताना दिवे लागत होते आणि छकुली कोकराला धरून झोपली होती.

सिंधुबाईला मेंढरू परत आलेलं आवडलं नाही. “ह्येच्या मागं फिराय मला लावू नगा,” एवढं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. म्हस्कूनं कोकरू खरोखरच जीपच्या पुढच्या गजाला बांधलं. तो बारामतीच्या फेरीला जायचा तेव्हा ते माझ्या कुंपणाच्या खांबाला बांधून जायचा, आणि मी निवृत्त माणूस, मला त्याच्याकडे लक्ष ठेवायचं काम मिळालं. एकटं असल्यानं पहिले आठ दिवस ते फार ओरडलं. बाभळीच्या शेंगा तो कुठून आणायचा ते मी विचारलं नाही. जीपच्या टपावर पोतं यायचं.

दिवाळीत पाडव्याच्या सकाळी नकोशीबाई एस.टी.नं आली. म्हस्कू स्टँडवर जीप घेऊन गेला होता, ती दुसऱ्याच गाडीनं येऊन चालत दारात पोचली. सिंधुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो तिनं घेतला नाही. आधी जीपच्या जागेकडे गेली, मग माझ्या कुंपणाशी आली, वाकून कोकराच्या पाठीवर हात दाबला. मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

“बरं हाय,” ती म्हणाली. मला म्हणाली की कोकराला, ते मला कळलं नाही. मग ती पाणी प्यायली. चार दिवस राहिली.

त्यानंतर ती दर पंचमीला आणि दिवाळीला येत राहिली. ते कोकरू वाढून मेंढी झाल्यावर म्हस्कूनं तिला चार महिने कऱ्हाटीला भावकीच्या कळपात सोडलं. तिला कोकरं झाली, त्या कोकरांनाही झाली. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवपर्यंत आमच्या रस्त्याला सात-आठ मेंढरं दिसायची आणि सगळ्यांच्या उजव्या कानाला काप. डाव्या कानाचं एकही नव्हतं. स्वतःसाठी त्यानं एकही मेंढरू घेतलं नाही. का घेतलं नाही, हेही मी विचारायला हवं होतं. त्या मेंढरांनी माझ्या जास्वंदीच्या रांगेतल्या चार झाडांचा नुसता बुंधा राहू दिला. कौसल्या त्यावरून म्हस्कूला बोलायची आणि संध्याकाळी भाकरीचे तुकडे त्याच मेंढरांना टाकायची.

नव्याण्णव साली माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं. स्वरूपा तिथं असल्यामुळे तेच सोयीचं होतं. दोन महिने म्हणून गेलो, ते पाच महिने राहिलो. तिथंच सिंधुबाईचं कार्ड आलं. जीप चालवताना नव्हे, घरी, दुपारी जेवून म्हस्कू पडला होता, तो उठला नाही. कार्डावर त्याचं पूर्ण नाव होतं आणि मी ते दोनदा वाचलं, कारण हा कोण हे मला पहिल्यांदा समजलंच नाही. मेंढरांचं पुढं काय झालं, ते मी परत गेल्यावर विचारलं नाही. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं.

नागपूरला निघालो त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. कौसल्या आत कुलूप शोधत होती. म्हस्कू जीपचं चाक बदलत होता. त्यानं मान वर केली.

“निघाला व्हय, आबा?”

“निघालो.”

“कवा येनार?”

“दोन महिन्यांनी.”

“बरं. फाटकाला कडी घाला. आक्काची मेंढरं आत शिरत्यात, जास्वंद ठिवायची न्हाईत.”

“घातली,” मी म्हणालो.